जपानवालीचं पेन

“नाही होत? हरकत नाही. लिहून द्या.”

एवढं बोलून ती पर्समधून पेन काढायची, टोपण उघडायची आणि समोरच्यापुढे धरायची. आवाज चढवायची नाही, डोळे वटारायची नाही. तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे तोंडाने ‘नाही’ म्हणायला कोणाला काही लागत नाही. चहा पिता पिता म्हणतात, मान वर न करता म्हणतात. पण तेच कागदावर लिहून खाली सही करा म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. आमच्या फ्लॅट स्कीमच्या अध्यक्षांना फुटला, आरटीओतल्या साहेबांना फुटला आणि एकदा मलाही फुटला.

मी नागपूरच्या रामदासपेठेत डबे करते. आसपास दवाखाने पुष्कळ, पेशंटसोबत राहणाऱ्यांना घरचं जेवण लागतं. माझं स्वयंपाकघर तळमजल्यावर आणि खिडकी थेट पार्किंगवर उघडते. त्यामुळे स्कीममध्ये कोण केव्हा आलं, कोणाची गाडी घासली, कोण कोणावर चिडलं, हे मला पोळ्या लाटता लाटता कळतं. जपानवालीची गाडी आली तीही माझ्या खिडकीसमोरच.

तिचं खरं नाव मी सांगत नाही. तिला आवडायचं नाही, आणि परवानगी दिली असेल तर कुठे लिहून दिली ते दाखवा म्हणेल. सगळे तिला जपानवाली म्हणत. पंचेचाळिशीची, लग्न न केलेली, केस मुलासारखे कापलेले. जपानमध्ये गिअर बनवणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं होती. म्हाताऱ्या बापासाठी परत आली आणि कळमेश्वरच्या एमआयडीसीत गिअर कापायचं लहानसं वर्कशॉप टाकलं. सोबत स्वतःची गाडी घेऊन आली. तिथे सेकंडहँड घेतलेली, शर्यतीच्या जातीची, दोनच दरवाजे, पांढरी, आणि इतकी बुटकी की माझ्या खिडकीतून फक्त छप्पर दिसायचं.

“मायलेज किती देते?” स्कीममधल्या प्रत्येकाने विचारलं.

“मी तिला कधी विचारलं नाही,” ती म्हणायची.

तिचे वडील आमच्याच स्कीममध्ये राहत, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. जन्मभर त्यांनी कन्हानच्या खाणींवरून कोळशाचे ट्रक चालवले. पोरीला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं. ती जपानात असताना रविवारी डोंगरातल्या रस्त्यावर गाडी काढायची आणि फोन सुरू ठेवून बाजूच्या सीटवर ठेवायची. इकडे उस्ताद कानाला फोन लावून बसत. “आता तिसरा गिअर टाकला,” ते मला सांगत. “हे पोट्टी क्लच लवकर सोडते.” आणि मग दरवेळी तेच म्हणत, “मले एकदा चालवू दे वं तुही गाडी.”

गाडी एवढा समुद्र ओलांडून आली ती या एका वाक्यापायी. कारण उस्तादांना काचबिंदू होता. उजवा डोळा गेलेला, डाव्याने नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. डाव्या डोळ्याचंही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा जे काय करायचं ते लवकर, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

गाडी ट्रकवरून उतरली तेव्हा मीच आरती घेऊन गेले. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. उस्तादांनी गाडीला पुढून मागपर्यंत हात लावून पाहिला आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

“अवो बाई, हे तं बसूनच आहे. उभी केव्हा होते?”

ती एवढी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी आम्हाला वाटलं, अवघड काम संपलं. बाहेरून जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी, स्टिअरिंग उजवीकडे हवं, चाचणीचं प्रमाणपत्र हवं. ते सगळं तिने केलं होतं. बंदरावर ड्युटी भरली ती तर गाडीपेक्षा महाग पडली. आता फक्त नागपुरात नंबर घ्यायचा राहिला होता. बाप्पा! फक्त म्हणे.

नंबर येईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही असं तिने ठरवलं होतं. दर रविवारी सकाळी जागच्या जागी सुरू करायची, थोडा वेळ गुरगुरू द्यायची, बंद करायची. माझ्या मांडणीवरच्या वाट्या थरथरायच्या. एका रविवारी मी लाटणं हातात घेऊनच बाहेर आले.

“हे काय लावलं वं? माझ्या वाट्या नाचून राहिल्या! हे चालणार नाही, सांगून ठेवते.”

“काकू, लिहून द्या.”

“अन् काय लिहू त्याच्यात?”

“वाट्या नाचतात म्हणून.” पेन पुढे आलंच.

मला आधी घाम फुटला, मग हसू, आणि भांडण तिथेच मोडलं. दुसऱ्या दिवशी तिने वर्कशॉपमधून रबराचे तुकडे आणून मांडणीच्या पायांखाली बसवले. अध्यक्षांनी मात्र वरच्या मजल्यावरून ओरडून सांगितलं की अशी गाडी स्कीममध्ये ठेवता येणार नाही. ती पेन घेऊन त्यांच्या दारात गेली. पुढे आठवडाभर ते मागच्या जिन्याने ये-जा करत होते.

आरटीओत घोडं अडलं ते चेसिस नंबरावर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर. जपानमधल्या गाड्यांवर हा नंबर आखूड असतो. आपल्या कॉम्प्युटरला लांब नंबर लागतो, रकाने रिकामे राहिले की तो पुढे जाऊ देत नाही. बंदरावर कागद भरणाऱ्या एजंटने डोकं लढवलं. रिकाम्या रकान्यांत पुढून शून्यं भरून टाकली. काम झालं, तो मोकळा झाला, पुढे फोन उचलेना. आता कागदावर शून्यांची रांग आणि गाडीच्या पत्र्यावर एकही शून्य नाही. कागद एका गाडीचा आणि गाडी भलतीच, असं झालं.

“मॅडम, सिस्टीम घेऊन नाही राहिली,” साहेब म्हणाले. “सोपं आहे. पत्र्यावर शून्याचे पंच मारून घ्या. जुळून जाईल. सगळे करतात.”

“मी करणार नाही. कागद चुकला आहे, कागद दुरुस्त करा.”

“तसं नाही होत.”

“लिहून द्या.”

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं आणि चहा सांगितला.

मीही तिला म्हटलं, मार ना वं चार पंच, कोण पाहते? तेव्हा उस्ताद खाटेवरून ताडकन उठून बसले. त्यांना तसं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. “बाई, चेसिसले पंच लागला का गाडी चोराची झाली! मंग कोणत्याही नाक्यावर पोलीस तिले उभी करते. माह्या ट्रकची कागदं चाळीस वर्षं साफ होती. माह्या पोरीची गाडी चोराची नाही होणार.”

“ऐकलं काकू?” ती म्हणाली. दोघांच्या हनुवट्या अगदी सारख्या वर झाल्या होत्या.

मग सुरू झाले तिचे मंगळवार. दर मंगळवारी वर्कशॉप मदतनिसांवर सोडून ती आरटीओत जायची. साहेब नाहीत? बसते. उद्या या? उद्या माझं काम असतं, आज बसते. मी तिला डबा बांधून द्यायचे, ती तिथेच बाकावर जेवायची. तिथल्या शिपायाला माझी वांग्याची भाजी आवडायला लागली, म्हणून मी दोन पोळ्या जास्त घालू लागले. कोणी सांगे, दुसऱ्या राज्यात नंबर करून देतो. कोणी सांगे, विकून टाका, गिऱ्हाईक आहे. ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, “नागपुरात राहते, नागपूरचाच नंबर लावणार.”

पावसाळा गेला, दिवाळी गेली. एक दिवस उस्तादांनी चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवला आणि तो फरशीवर फुटला. दवाखान्यात त्यांच्यासोबत मीही गेले. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. म्हणाले, आता डाव्या डोळ्यातही काही उरलं नाही. परत येणार नाही.

तिने सवयीने पेन काढलं. टोपण उघडलं. “नाही येणार? लिहून द्या.”

डॉक्टरांनी पेन घेतलं आणि लिहून दिलं.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी ते पेन हातात घेतलं होतं. ती कागदाकडे बघत राहिली. मला वाटलं, त्या पोरीच्या हातातून तो कागद हिसकावून फाडून टाकावा. उस्तादच म्हणाले, “चाल पोरी, घरी चाल. चहा सांडला तिथं माश्या बसून राहिल्या असतील.”

मला वाटलं, आता संपलं. पण मंगळवारी ती डबा न्यायला खिडकीशी हजर.

“आता कशाला जातेस वं?” मी विचारलं.

“बाबांनी गाडी चालवू दे म्हटलं होतं, दाखव नव्हतं म्हटलं.”

मी गॅस बंद केला, पदर खोचला आणि तिच्यासोबत गेले. त्या दिवशी तिने गाडी टोइंगच्या ट्रकवर घालून थेट आरटीओच्या आवारात उभी केली होती. साहेबांच्या टेबलावर तिने डॉक्टरांचा कागद ठेवला.

“साहेब, माझ्या बापाला यापुढे दिसणार नाही, हे डॉक्टरांनी माझ्या तोंडावर लिहून दिलं. त्यांना किती जड गेलं असेल! तुम्हाला तर दिसतं. बाहेर या, गाडीवर जो नंबर आहे तो वाचा आणि वाचला तेवढाच लिहा. जास्त नको, कमी नको.”

मी म्हटलं, “अन् तोवर आम्ही दोघी इथून हलत नाही. मी डबा दोन वेळचा आणला आहे.” खोटं होतं, एकच वेळचा होता.

साहेब उठले. बाहेर येऊन गाडीशी गुडघ्यांवर बसले, नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. कागदावर नंबर उमटला, मागेपुढे शून्य नसलेला. तसं त्यांनी बंदराच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, तिच्याच पेनाने. पुढे तिकडून दुरुस्ती होऊन यायला वेळ लागला, पण आली. नागपूरचा नंबर आला. मी पुन्हा लिंबं ठेवली.

पहिल्याच रविवारी आम्ही तिघं कळमेश्वरला गेलो. मागची सीट म्हणजे नुसतं नाव हो. माझे गुडघे हनुवटीला टेकले होते. वर्कशॉपशेजारी बंद पडलेल्या कारखान्याचं आवार आहे, आत सरळ सिमेंटचा रस्ता, दोन्ही टोकांना फाटक. मालकाला विचारून तिने फाटकं लावून घेतली आणि उस्तादांना स्टिअरिंगवर बसवलं. स्वतः बाजूला बसली.

“मले दिसत नाही वं,” ते म्हणाले.

“मला दिसतं ना बाबा. मी लहान होते तेव्हा मला तरी कुठे काचेबाहेरचं दिसत होतं? तुम्हीच सांगत होते.”

त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला, क्लच दाबला, पहिला टाकला. गाडी सुटली. मी देवाचं नाव घेत होते. ती सांगत होती, “सरळ. सरळ. जरासं डावीकडे. आता सरळ.” दुसरा पडला तेव्हा गाडी अशी उसळली की माझं डोकं छपराला लागलं. उस्ताद मोठ्याने ओरडले, शिवीच होती, ती मी लिहीत नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, तरी त्यांचा तळवा सवयीने हॉर्नवर पडला. पीप.

त्यांनी गाडी थांबवली. “पोरी, एवढं मोठं इंजिन अन् हॉर्न लेकराच्या सायकलचा? याले कोण रस्ता देईल?”

“बदलते, बाबा.”

त्यानंतर दर रविवारी ते चालवत राहिले, उन्हाळा लागेपर्यंत. मग एका दुपारी झोपेतच गेले. तेरावं झालं आणि तिने बिऱ्हाड कळमेश्वरला हलवलं. खिडकीसमोरची जागा रिकामी झाली. मांडणीखालचे रबर मी अजून काढलेले नाहीत.

निघायच्या दिवशी तिने मला एक चक्कर मारून आणली. चौकात एक रिक्षावाला आडवा आला, तिने हॉर्न दिला आणि मी दोन्ही कान झाकले. ट्रकचा हॉर्न! ती सुईसारखी गाडी कोळशाच्या ट्रकसारखी ओरडली. पोलिसाने लगेच बाजूला घेतलं.

“मॅडम, हा हॉर्न चालत नाही.”

“माहीत आहे. लिहून द्या.” पेन बाहेर.

“पेन नको, मशीन आहे,” तो म्हणाला आणि चलान काढून दिलं. तिने ते नीट घडी करून ठेवलं. कागद साफ ठेवण्यासाठी सगळ्यांशी भांडलेली पोरगी ही. मी तिला कोपराने ढोसलं.

“आता घरी जाऊन हॉर्न काढून टाका,” पोलीस म्हणाला.

“नाही काढणार.”

“म्हणजे?”

तिने पेनाचं टोपण पुन्हा उघडलं, चलानाची मागची कोरी बाजू मांडीवर ठेवली आणि त्याच्याकडे वर पाहिलं.

“लिहून देऊ?”