अक्कांचा चौथा नियम

आमच्या ह्यांना शाळेच्या वेळात फोन करायची खोड आहे. किल्ली कुठं ठेवलीस, दही विरजलंस का, पाहुणे आलेत तर चहाची पावडर सापडंना... त्यामुळं त्या दिवशी मी दोनदा फोन कापला. सहावीचा वर्ग सुरू होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा रागानंच उचलला, आणि पलीकडून हे एवढंच म्हणाले, "अक्का गेली." मागून म्हणाले, "तू गाडीवर येऊ नको, मी कुणाला तरी पाठवतो." मी फोन ठेवला, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि गाडीला किक मारली. दुसऱ्या कुणाच्या गाडीवर मागं बसून अक्कांच्या मातीला जायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. का, ते सांगायलाच आज, महिना दीड महिन्यानंतर, लिहायला बसले आहे.

महानंदा अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. ऐन विशीत कपाळ पांढरं झालं आणि त्या सोनपेठला माहेरी परत आल्या, शिकल्या, आणि गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवू लागल्या. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा घरात तीन माणसं होती. कापडाच्या दुकानात बसणारे आमचे हे, देवघरात बसणाऱ्या सासूबाई आणि कुठंच स्वस्थ न बसणाऱ्या अक्का. नणंद म्हटलं की नव्या नवरीला धाकच वाटतो. पण ह्या नणंदेनं पहिल्याच आठवड्यात मला अंगणात बोलावलं ते सतरंजी झटकायला. एक टोक माझ्या हातात दिलं, दणकन झटका दिला आणि विचारलं, "धूळ कुठून निघाली, सांग बरं?" मी म्हटलं, सतरंजीतून. "न्हाई. सतरंजी पुढं गेली, धूळ जागच्या जागी राहिली. जी बसलीय तिला बसूनच राहायचं असतंय. जडत्व म्हणतेत त्याला." मला वाटलं हा मला टोमणाच आहे. तसा तो नव्हता. त्यांचं बोलणंच तसं होतं.

आमचं घर लिंगायताचं. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी सगळ्यांच्याच. अक्का सांगायच्या की लहानपणी एसटीत बसलं की त्या डबीकडंच बघत राहायच्या. गाडी सुटली की डबी मागं झुलते, गाडी थांबली की पुढं. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, महादेवाची इच्छा. "मग मला वाटायचं, महादेवाला आधीच कसं कळतंय डायवर ब्रेक मारणार म्हणून?" हे सांगताना त्या स्वतःच हसत सुटायच्या आणि आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "महानंदा, देवाला तरी सोड." एकदा सासूबाई न्हाणीत साबणाच्या पाण्यावरून घसरल्या. अक्का धावत गेल्या, आईला उचललं, पाय दाबून बघितला, मोडलेला नाही याची खात्री केली आणि मग सवयीनं म्हणून गेल्या, "घर्षण कमी पडलं." सासूबाई पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. जे काय सांगायचं ते माझ्यामार्फत. "तुझ्या नणंदेला म्हणावं, जेवायला ये."

मला नोकरी लागली ती आडवळणाच्या गावातल्या शाळेत. फाट्यापर्यंत एसटी होती, पण ती पोहोचायची शाळा भरून गेल्यावर, आणि फाट्यावरून आत चालत जायचं ते वेगळंच. पहिलं वर्ष मी कसंतरी काढलं. कधी दूधवाल्याच्या गाडीवर, कधी कुणाच्या ट्रॅक्टरवर. उशीर व्हायचा, बोलणी बसायची. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत सासूबाईंनी स्पष्टच सांगितलं, "घरच्या बाईनं कुणाकुणाच्या गाडीवर बसून जायचं, हे आपल्यात शोभत न्हाई. जूनपर्यंत सोय लावा, न्हाईतर राजीनामा द्या."   ह्यांनी दोन दिवसांनी एक जुनी स्कूटी दारात आणून लावली आणि दुकानात निघून गेले. मला तर सायकलसुद्धा येत नव्हती.

शिकवायचं अक्कांनी घेतलं. आता गंमत अशी की अक्कांनी जन्मात कधी दोन चाकांवरचं काही चालवलं नव्हतं. पण आत्मविश्वास केवढा! म्हणाल्या, "नियम तर सगळे मला पाठ हायेत, तू फक्त हात लाव." जागाही त्यांनीच ठरवली. नदीचं कोरडं पात्र, मऊ वाळू. "फरशीवर पडलं की एका झटक्यात थांबतो आपण, म्हणून लागतंय. वाळूत हळूहळू थांबतो, म्हणून लागत न्हाई." ऐकायला किती पटतं ना? ह्यांनी सकाळी गाडी गोदावरीकाठी नेऊन दिली आणि अक्का छत्री उघडून दरडीवर उभ्या राहिल्या. मी मूठ पिळली की चाक जागच्या जागी गरगरायचं, वाळूत रुतायचं आणि गाडी मला घेऊन शांतपणे आडवी व्हायची. पुन्हा उठायचं, पुन्हा आडवी. लागलं काहीच नाही, ते खरं. पण गाडी हातभरसुद्धा पुढं गेली नाही. शेवटी अक्का छत्री मिटून खाली आल्या, रुतलेल्या चाकाकडं वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई... मी तुझ्या पडण्याचाच विचार केला. चालण्याचा केलाच न्हाई."

आम्ही दोघी त्या वाळूत बसून पोट धरून हसलो. नंतर गाडी बाहेर काढता काढता नाकी नऊ आले, ते सोडा.

मग बाजाराच्या मैदानावर गेलो. आठवडी बाजार नसला की ते रिकामंच असतं. तिथं जमीन टणक, गाडी चालली. चालली म्हणजे फारच चालली. थांबवायची कशी हे ऐन वेळी सुचेना आणि मी जाऊन एका पालाच्या खांबाला धडकले. गुडघा सोलवटला, कोपर सुजलं. घरी आले तर सासूबाईंनी हळद भरली, आणि भरता भरताच म्हणाल्या, "झालं आता. पुरे." रात्री हेही म्हणाले, की राजीनाम्याचं बघू, गाडीला गिऱ्हाईक आहे. मी रडले नाही, पण आतून पार बसले. पहिल्या पगारापासून मी त्या नोकरीत जीव गुंतवला होता. वर्गातली पोरं, माझी स्वतःची खुर्ची, "बाई" म्हणून मारलेली हाक... ते सगळं एका खांबापायी जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते. अक्का शेजारी येऊन पाटावर बसल्या आणि कधी न सांगितलेली गोष्ट सांगू लागल्या. तरुणपणी त्यांना सेलूकडं एका शाळेत मोठी जागा मिळाली होती, पुढं मुख्याध्यापिका झाल्या असत्या. एसटीनं देवगाव फाट्यावर उतरायचं आणि तिथून आत जायचं. "पहिल्या दिवशी उतरले फाट्यावर. आत न्यायला कुणी न्हाई. दुपारपर्यंत तिथंच उभी होते पिशवी घेऊन. मग समोरून परतीची गाडी आली, तीत बसले आणि घरी आले. कुणी विचारलं न्हाई का आलीस म्हणून. सगळ्यांना बरंच वाटलं." आणि पुढं म्हणाल्या, "मी पोरींना वर्षानुवर्षं शिकवायले की बाहेरून जोर लागल्याशिवाय थांबलेलं हलत न्हाई. मला लावणारं कुणी नव्हतं गं. तुला मी हाय. ऊठ."

आणि सकाळी त्या तयार होऊन आल्या, पदर कमरेला खोचून. मी गाडी काढली तर मागच्या सीटवर जाऊन बसल्या. अक्का अंगानं भरदार, गाडी मागून दबलीच. मी घाबरले. "अक्का, तुमाला घेऊन पडले तर?"

"पडलो तर दोघी पडू. पण तू पडणार न्हाईस. एकटी होतीस तवा तुला स्वतःची काळजी न्हवती. आता मी हाय मागं, तर जपून चालवशील."

खरंच सांगते, गाडी जड झाली आणि ताब्यात आली. आधी ती माझ्या हाताखाली उड्या मारायची, आता सावकाश निघाली आणि सरळ चालत राहिली. बाजार मागं पडला, गाव मागं पडलं. मी थांबायच्या भीतीनं थांबतच नव्हते. फाटा आला, वळले, कच्चा रस्ता आला, आणि शेवटी शाळेच्या बंद फाटकाशी जाऊन एकदाची थांबले. इतका वेळ मागून एकच आवाज येत होता, एकसारखा, न थांबता... ओम नमः शिवाय, ओम नमः शिवाय. उतरल्यावर मी विचारलं, "अक्का, हा न्यूटनचा कितवा नियम?" घाम पुसत म्हणाल्या, "चौथा. पुस्तकात घ्यायचा राहिलाय."

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या तळहातावर दहीसाखर ठेवली.  नोकरी राहिली. आज मी जी काही आहे ती त्या मागच्या सीटच्या जोरावर.

निवृत्त झाल्यावर अक्का अधूनमधून माझ्याबरोबर शाळेत यायला लागल्या. मांडीवर पिशवी, तिच्यात गोट्या, दोरा, भिंगरी, रबरी चेंडू. पोरं त्यांची वाटच बघायची. रस्त्यानं आमच्या गप्पा चालायच्या. मी बोलायची समोर बघून, त्या बोलायच्या माझ्या पाठीला. घरात कुणाला न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी मी त्या रस्त्यावर सांगितल्या. तोंड दिसत नसलं की बाई माणूस लय खरं बोलतं. गेल्या वर्षी त्यांना दम लागायला लागला. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जिना चढू नका म्हणाले. गाडीवर बसू नका असं काही म्हणाले नाहीत, हे अक्का सगळ्यांना आवर्जून सांगायच्या. गेल्या त्या पूजा आटोपून, टेकून बसल्या जागीच. कुणाला हाकसुद्धा मारली नाही.

आमच्यात माणसाला आडवं करून नेत नाहीत. बसवतात, विभूती लावतात, बेल वाहतात आणि बसवूनच माती देतात. अक्कांना अंगणात तसं बसवलेलं पाहिलं आणि माझा बांध फुटला. सासूबाई, नव्वदीला टेकलेल्या, लेकीचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. मला जवळ ओढून म्हणाल्या, "तिला गाडीवर बसायची लय हौस होती बघ. तू पुरवलीस." खरं तर हौस अक्कांनीच पुरवली होती, माझी.

आता शाळेला एकटी जाते. गाडी हलकी झालीय. जराशी मूठ पिळली की पळत सुटते, खड्ड्यात उडते, वाऱ्यानं हलते. ते सगळं अंगवळणी पडलं, ब्रेकचं मात्र पडेना. दोघींचं वजन थांबायला वेळ लागायचा, म्हणून मी लांबूनच दाबत यायची. हात अजून तिथंच दाबतो आणि गाडी फाटकाच्या बरीच अलीकडं थांबते. पोरं फाटकातून बघत असतात, बाई आज पण मधेच थांबल्या म्हणून. मी पाय टेकवते, गाडी घट्ट धरते. अक्कांना उतरायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ तिथंच उभी राहते आणि मग उरलेला रस्ता जाते.