काकूचं रुखवत

अकोल्याच्या माझ्या काकूइतकी लाजाळू बाई साऱ्या वऱ्हाडात नसेल, आणि लाजते ती स्वतःसाठी नव्हे, वस्तूंसाठी. उघडी वस्तू तिला बघवतच नाही. तिच्या घरात रिमोटला बंडी आहे, मिक्सरला टोपडं आहे आणि गॅसच्या सिलिंडरला झालरीचा परकर. सिलिंडर बदलायला माणूस आला की ती त्याला दारातच अडवते. "थांब बाप्पा, त्याचे कपडे काढू दे," म्हणते, आणि तो बिचारा उगाच भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मी अमरावतीहून मुक्कामाला गेलो आणि चष्मा टेबलावर ठेवून झोपलो, तर सकाळी त्याच्या काड्यांना मोती लागलेले होते. तोच चष्मा लावून मी ऑफिसात गेलो. पुढचं विचारू नका.

हा हात मूळचा रुखवताचा. गल्लीतल्या कुठल्याही पोरीचं लग्न ठरलं की मांडवातलं रुखवत काकूनेच करायचं, हे ठरलेलं. सुपारीची नवरानवरी, काजूबदामाचा मोर, लोकरीची बैलगाडी, सगळं हौसेपोटी. काकूला मूलबाळ नाही. पण "माह्या पोरी" धामणगावपासून धारणीपर्यंत नांदून राहिल्या आहेत, आणि सणवारी काकू त्यांच्याकडे हक्काने जाऊन शोकेसमधल्या मोरावरची धूळ पुसून येते.

मग भाड्याचं रुखवत निघालं. मंडपवालाच आणतो आणि पंगती उठल्या की घेऊन जातो. काकूला कोणी बोलावेना. ती परकरावर परकर शिवत बसली. "आता माह्या हाताचं काय काम हाय रे?" असं एकदा जेवताना म्हणाली.

तिला उठवलं मागच्या घरच्या रझियाबींनी. त्या ओढण्यांवर जरीकाम करतात. दर शनिवारी अशाच हौशी बायका एकीच्या ओसरीवर जमतात. फोटो कुठल्या उजेडात काढावा, पार्सल कसं बांधावं, भाव कसा सांगावा, हे एकमेकींना शिकवतात. रझियाबी काकूला तिथे ओढूनच घेऊन गेल्या. आणि गटाने अमरावतीच्या प्रदर्शनात काकूला थेट एक टेबल मिळवून दिलं.

संध्याकाळी मी पोहोचलो, तर तिथे साक्षात रुखवत मांडलेलं. पायऱ्या, त्यावर पांढरं कापड, आणि मधोमध काकूच्या वळणदार अक्षरातली पाटी: 'हात लावू नये'. बायका येत, तोंडभर कौतुक करत, फोटो काढत आणि पुढे जात. एकीने तर लग्न कोणाचं म्हणून विचारलं. काकू मात्र खुशीत होती.

"विकलं काय काय?" मी विचारलं.

"कोणी मांगतलंच नाई. पण पाहून सारे गेले."

रझियाबींनी कपाळावर हात मारला. "काकू, ये शादी नहीं है, दुकान है." त्यांनी पाटी उलटी केली आणि मागे लिहिलं, 'हात लावून पाहा'. घटकाभरात शेंदूरजनाघाटच्या एका बाईने बैलगाडी उचलली.

काकूने ती गाडी कागदात गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. हातातून सुटेना. "रुखवत पोरीसंगं जाते, तं आपण भेटाले तरी जातो," ती हळूच म्हणाली. "हे कुठी जाईन, कोणाले माहीत?" मग रझियाबीच त्या बाईला म्हणाल्या, "ताई, घरी मांडली की काकूले फोटो पाठवजा."

आता काकूचा धंदा असा चालतो की मला फोनवर बोलायलाही ती सापडत नाही. प्रत्येक पार्सलात फोटो पाठवण्याची ताकीद असते, आणि लोक पाठवतातही. मी गेलो की ती मला एकेक दाखवते. "हे पाय, गाडी टीव्हीपाशी बसवली. चांगली मान्सं हायेत." परवा मात्र ती सारखा फोन उघडून बघत होती. नागपूरला गेलेल्या मोराचा फोटो अजून आला नव्हता. विसरले असतील, मी म्हटलं.

"नाई रे," ती म्हणाली, "नवं घर हाय. रुळाले वेळ लागते."