किड्याच्या नावातला बुवा

दार लोटलेलं होतं, तरी बुरुलचाचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोचला. सरोवराकाठच्या त्या संशोधन केंद्रात फरशी पुसणारी अनार बादलीपाशी वाकलेली होती. तिनं फडकं पिळायचंच थांबवलं.

"किडा मी शोधला, अगाय. सहा वर्षं गाळ मी चाळला, चित्रं मी काढली. आणि कागदावर नाव तुमचं?"

"म्हणून तर किड्याला तुझं नाव दिलं," एसेनगुल साहेब म्हणाले. सगळे त्यांना अगाय, म्हणजे गुरुजीच म्हणायचे. "केवढा मान हा!"

"मान कसला! नाव ठेवणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नसतं, ही आपल्या शास्त्राची रीत. तुम्ही माझं दिलंत, म्हणजे शोधणारी मी नव्हेच, मिटलं! आणि दिलंत तेही बुवाचं. किड्यांची नावं लॅटिनमध्ये, आणि तिथं बाईच्या नावाचं शेपूट वेगळं असतं."

"छापलं ते छापलं. केसाहून बारीक किडा, त्याच्या नावाचं शेपूट कोण बघतंय?"

"मी बघते. शेपटं बघण्यातच डोळे गेले माझे."

ते खरंच होतं. तिचे किडे म्हणजे जंत, आणि एक जंत दुसऱ्यापासून वेगळा ओळखायचा तो तोंड आणि शेपटी बघूनच. बुरुलचाचे जंत मातीत, गाळात, कुणाला न छळता जगणारे. पण बालिक्ची गावातल्या बायकांना एवढं कुठलं कळायला? सगळ्या तिला एजे, म्हणजे ताई म्हणायच्या. शेजारीण पोराला काखोटीला मारून दारात हजर. "एजे, याच्या पोटात जंत झालेत, काहीतरी दे."

"माझे जंत कुणाच्या पोटावर जगत नाहीत गं बाई. तसे जगणारे आमच्या केंद्रात खुर्चीवर आहेत."

साहेब त्या एका कागदावर वर चढले आणि राजधानीला गेले. बुरुलचा राहिली गाळापाशी. पुढे देशच बदलला, केंद्राचं छप्पर गळायला लागलं, माणसं पांगली. उरली ती, अनार आणि काचांचं कपाट. प्रत्येक काचेवर थेंबभर ग्लिसरिनमध्ये एकेक जंत निजलेला, वर पातळ काच, कडेनं नखरंगाचं कडं. कडं तडकलं की हवा शिरते आणि जंत वाया जातो. त्यातली एक काच म्हणजे त्या किड्याचा पहिला नमुना. शंका आली तर जगानं तीच काच बघायची. ती गेली की साहेबांच्या कागदाला साक्षीदार उरत नव्हता. बुरुलचाच्या शोधालाही नव्हता.

एका उन्हाळ्यात तिनं ती काच उन्हात, खिडकीत ठेवून दिली.

"सुकेल ना ती," अनार म्हणाली.

"सुकू दे."

चौथ्या दिवशी तिनं काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कडेला बुडबुडा शिरला होता, आणि जंत आपला अंगाचं मुटकुळं करून पडलेला.

"याचं काय चुकलं गं?" ती म्हणाली, आणि रंगाची बाटली उघडायला बसली.

साहेब गेले तेव्हा दोघी मयताला गेल्या. तंबूत बायका रडत होत्या. बाहेर मुलगा सांगत होता, "वडिलांनी एका साध्या मदतनीस बाईचं नाव किड्याला दिलं, एवढं मोठं मन!" अनारनं बुरुलचाला कोपरानं ढोसलं, "ऊठ, बोल की! आत्ता नाही तर कधी?"

तेवढ्यात मुल्लानं रीतीप्रमाणे जमलेल्यांना विचारलं, "कसा माणूस होता?"

"चांगला होता!" सगळे एका सुरात म्हणाले.

बुरुलचाचे ओठ हलले. "चांगला होता," ती पुटपुटली. मग अनारच्या कानाशी लागून म्हणाली, "छापलं ते छापलं."

त्यानंतरच्या शरदात ती बाजारात गेली. पुढचा वसंत काही तिनं पाहिला नाही. पण त्या दिवशी पाय दुखत होते, एवढीच काय ती तक्रार.

"बिनरंगाचा नखरंग दे, पोरी."

"या वयात, एजे? कुणासाठी नटताय?"

"आहे एक. चिखलातला आहे, पण नाव माझं लावतो."

केंद्रात येऊन तिनं कपाट उघडलं, काच फडक्यानं पुसली, कुंचला बाटलीच्या तोंडाशी निथळवला आणि कड्यावरून सावकाश एक फेरा दिला. वाळल्यावर दुसरा. मग काचेला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं ते बुवाचं नाव वर येईल अशी काच खणात सरकवली आणि अनारला म्हणाली, "चहा ठेव."