कॅनडाच्या बँकेची पाळ

शेकडा बारा हा आकडा आमच्या घरात पहिल्यांदा माझ्या बहिणीच्या तोंडून आला. मी गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये हिशेबनीस. संध्याकाळी घरी येऊन पाय धूत होतो, तेव्हा ओट्यावर तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "बापू, शेकडा बारानं दोन हजाराचे वर्षाले किती होते?"

"दोनशे चाळीस. काऊन?"

"काही नाही. असंच."

शेकडा बाराचा हिशेब असाच कुणी विचारत नाही. पोस्ट तेव्हा याच्या निम्म्याच्या आसपास देत होतं. जो दुप्पट देतो म्हणतो तो कुठून देतो, हे विचारल्याशिवाय मला झोप लागत नाही. पण बाईने, बहिणीला आम्ही बाईच म्हणतो, पुढे विषय वाढवला नाही.

बाई माझ्याहून मोठी. आमचे भाऊजी रेल्वेत गँगवर मुकादम होते. ते गेल्यावर त्यांच्या फंडाचे दोन हजार आणि वर थोडे रुपये तिला मिळाले, आणि ती माझ्याकडे राहायला आली. घरात तिला कुणी काही बोललं नाही. माझी बायको तर तिला विचारल्याशिवाय भाजी फोडणीला टाकत नसे. तरी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसायची आणि भात वाढून घेताना हात आखडायची. एकदा मी रागावलो, तेव्हा तिने सरळ सांगितलं, "मले भावाच्या घरी पाहुणी होऊन मरायचं नाही. वर्षाकाठी माह्या पैशाचं काही आलं, तं माही खुराकी मी तुह्या हातावर ठेवीन. मंग पोटभर जेवीन."

म्हणजे त्या दोन हजारांवर तिचं पोटभर जेवण अवलंबून होतं. ते पैसे तिने पोस्टात माझ्या सल्ल्याने ठेवले होते, पण त्यांचं व्याज खुराकीला पुरत नव्हतं. तिथून काढून दुसरीकडे बुडाले असते, तर तेही माझ्याच सल्ल्याने बुडाले असते.

पुढच्या रविवारी दुपारी एक गृहस्थ दारात आले. बंद गळ्याचा कोट, हातात चामडी बॅग. कलकत्त्याहून आलो, स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरलो, एका बँकेचे शेअर विकतो, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. हा माझ्याच दारात कसा, असं मनात येतं आहे तोच आतून चहा आला. आमच्याकडे पाहुणा बसल्यावर आधण ठेवतात. हे आधण आधीच ठेवलेलं होतं. मी दाराकडे पाहिलं. बाई दाराआड उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"मुनीमजी, कॅनडा का सब से बड़ा बैंक समझिए," गृहस्थ म्हणाले. "उधर बर्फ पड़ती है, पर बैंक नहीं हिलता. इतने साल में एक बार भी डिविडेंड बंद नहीं हुआ. सैकड़ा बारह!"

"कशावर बारा?"

"मतलब?"

मिलमध्ये शेतकऱ्याने मुठीत धरून दाखवलेली वानगी मी पाहत नाही. पोत्याच्या बुडाशी परखी खुपसतो. त्या पोकळ सळईतून जे दाणे बाहेर येतात, त्यांचा भाव करतो. इथेही तेच केलं. शेअरवर शंभर डॉलर छापलेले. बारा टक्के या छापील शंभरावर. पण ते गृहस्थ शेअर विकत होते अडीचशे डॉलरला. डॉलरचा भाव त्यांनीच पावणेतीन रुपये सांगितला. तेव्हा बाईच्या पैशात तीन शेअर येणार आणि तिन्हींचं मिळून वर्षाला छत्तीस डॉलर, म्हणजे नव्याण्णव रुपये. शेकडा पाचसुद्धा पुरते नाहीत.

मी हे मोठ्याने म्हटलं, ते दाराआड ऐकू जावं म्हणूनच.

"आप तो दाना दाना गिनते हैं," गृहस्थ हसून म्हणाले. "भाव चढ़ेगा, वो भी तो देखिए."

"चढतो तो उतरतोही."

तेवढ्यात बाई दाराआडून बाहेर आली. परक्या माणसासमोर ती सहसा येत नसे. पदर सारखा करून तिने विचारलं, "पाळ फुटली तं माती कोण टाकते?"

गृहस्थांना काही कळलं नाही. मी समजावून सांगितलं. केशोरीकडे आमचं मूळ गाव. तिथे बोडी आहे, पावसाचं पाणी अडवणारं तळं. तिच्या पाण्यावर खालच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, पिकतात. बोडीची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटली, तर तिच्या पाण्यावर ज्याची जेवढी बांधी भिजते, त्याने तेवढ्या हिशेबाने माणसं आणायची आणि माती टाकायची. आधी किती टाकली होती, हे कुणी विचारत नाही. पुन्हा टाकायची. बाईचं म्हणणं, बँक बुडाली तर भरपाई कोणाच्या डोक्यावर?

गृहस्थांचा चेहरा खुलला. "वाह बहनजी! यही तो उस बैंक की खूबी है. वहाँ का कानून ऐसा है कि बैंक डूबे तो शेअरवाले को जितना शेअर पर छपा है उतना फिर से भरना पड़ता है. इसलिए पैसा रखनेवाला बेफिक्र सोता है."

"पैसा ठेवणारा झोपतो," मी म्हटलं. "आम्ही त्यात कोण? ठेवणारे की शेअरवाले?"

चहाची बशी त्यांनी उगाचच फिरवली.

तीन शेअरांचे तीनशे डॉलर. सव्वाआठशे रुपये. दोन हजार जाऊन वर सव्वाआठशे, तेही अशा देशाला, जिथे काय चाललंय हे आम्हाला कळणार तर कलकत्त्याच्या या गृहस्थांकडूनच.

"वो नौबत कभी नहीं आएगी," ते म्हणाले.

"तर मग तसं लिहून द्या. तशी वेळ आलीच, तर हे सव्वाआठशे तुम्ही भराल."

ते त्यांनी लिहून दिलं नाही. शेअर कोणाच्या नावावर निघेल, हेही मी विचारलं. तो त्यांच्या पेढीच्या नावावर राहणार होता आणि बाईला पेढीची पावती मिळणार होती. यानंतर मला काही विचारायचं उरलं नाही. बँक खोटी होती असं मी म्हणत नाही. खरीच असेल, मोठीही असेल. पण तिच्या आणि आमच्या मध्ये ही बॅग होती, आणि बॅगेत परखी जात नव्हती.

गृहस्थ गेल्यावर बाई माझ्यावरच उखडली. "तू तं देवाच्या नैवेद्यातही परखी खुपसशील."

"खुपसीन. तू त्याले बोलावलं काऊन?"

"शेजारणीच्या जावयानं सांगतलं. तुले सांगतलं असतं तं तू त्याले फाटकातच हाकलला असता."

ते खरं होतं.

त्या दिवशी ती कमीच जेवली. मला वाटलं, दोनशे चाळीसचे नव्याण्णव झाले म्हणून असेल. पण भांडी आवरल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "पुन्हा माती टाकाची तं टाकाची. त्याले मी भेत नाही. पण पाळ पाहाले तं भेटली पाहिजे. कॅनडाची पाळ मी कोठं जाऊन पाहू?"

आणि तिने सांगितलं, गावच्या बोडीखालची एक बांधी विकायला निघून राहिली आहे, ती घ्यायची.

मी त्यातही परखी खुपसली. विकणारा काऊन विकून राहिला? पाणी शेवटपर्यंत पोचतं का? मालगुजाराला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, नजराणा किती? मी दोनदा गावी जाऊन आलो. बांधावरून चाललो, पाण्याची वाट बघितली, विकणाऱ्याच्या भावाला वेगळं गाठून विचारलं. पाळ एका जागी खचलेली दिसली. ते मी बाईला सांगितलं. माझी अपेक्षा होती, ती मागे सरेल.

"खचली हे दिसलं ना तुले?" ती म्हणाली. "मंग झालं."

बांधी तिच्या नावावर झाली. अर्धेलीने, निम्म्या पिकाच्या बोलीवर, करायला दिली. पहिल्या वर्षी तिच्या वाट्याचं धान आलं, त्यातलं तिने माझ्या बायकोसमोर मोजून कोठीत ओतलं आणि त्या दिवशी सगळ्यांबरोबर पंगतीला बसली. भात दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या वर्षी भादव्यात धान पोटरीत, कणीस निघायच्या बेतात असताना निरोप आला, पाळ फुटली. तीच, खचलेल्या जागी. पाणी आठवडाभर असंच गेलं असतं, तर बांधीत दाणा भरला नसता. आम्ही दोघं गावी गेलो. चिखलात माणसांची रांग लागली होती, कोणी खोदत होतं, कोणी पाट्या वाहत होतं. बाईने दोन मजूर लावले होते. तेवढ्याने तिचा वाटा फिटत होता. मी पाळीवर उभा राहून इतरांचे मजूर मोजत होतो. दोन बांध्यांवाला एकच माणूस घेऊन आला होता, तो मला लगेच दिसला.

"मोजून राहिला का, बापू?" बाई खालून ओरडली. "मोज. पण थोडा सरक, तू उभा आहेस तेथंच माती टाकाची आहे."

मी सरकलो. गावचा कोतवाल एकेकाचा वाटा पुकारत होता. गावात बाईला आता सगळे फंडवाली म्हणत.

"फंडवालीचा वाटा?"

बाईने मजुराच्या डोक्यावरून पाटी उतरवून स्वतःच फुटलेल्या जागी रिकामी केली.

"पडला," ती म्हणाली.