पाणी बंद, आवाज चालू

आता माझी अब्रू मीच तुमच्यासमोर काढते, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते कष्ट नकोत! चहा घ्या, पण हसायचं ते शेवटी एकदाच हसा.

आमच्या वर्तकनगरच्या शाळेनं इंटरनेट रेडिओ सुरू केला. फार काही नाही हो, एक लॅपटॉप, एक माइक आणि प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना खेळाच्या तासाच्या जुन्या गाद्या टांगलेल्या. कार्यक्रम नववी-दहावीच्या मुलांनीच करायचे. कुणी गणिताची कोडी घालायचं, कुणी भाजीवालीची मुलाखत घ्यायचं. मोबाइलवर लिंक उघडली की घरबसल्या ऐका. मुलांपेक्षा त्यांचे आजोबाच जास्त ऐकायचे, तो भाग वेगळा!

मी मराठी शिकवते, म्हणून बातम्या माझ्याकडे. नववीतली ओवी बातम्या वाचायची. पण कशी? पाढे म्हटल्यासारख्या! एका शुक्रवारी दुपारी मी तिला म्हटलं, "ऊठ, मी वाचून दाखवते. रेकॉर्ड करू आणि मग दोघी ऐकू."

"बाई, बटण मी दाबू?"

"अगं, मला येतं! तू समोर बसून नुसतं ऐक."

स्क्रीनवर दोन बटणं. एक रेकॉर्डचं, दुसरं थेट प्रक्षेपणाचं. मी कुठलं दाबलं असेल? बरोबर ओळखलंत! पण मला ते कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

घसा खाकरला आणि मनाला येईल ती बातमी ठोकून दिली. उद्या पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी आपल्या भागात तीन तास पाणी बंद! मग ओवीला चार गोष्टी समजावल्या आणि बटण बंद केलं. रेकॉर्डिंग शोधलं तर सापडेना. पुसलं गेलं असेल म्हटलं आणि विसरून गेले.

संध्याकाळी घरी आले, तर जिन्यात शेजारच्या शिर्केवहिनी. दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या, चेहरा रडवेला.

"बाई, ऐकलंत का? तीन दिवस पाणी नाही! मोठी पाइपलाइन फुटलीय म्हणे. आणि उद्या आमच्या जावेच्या बाळाचं बारसं!"

दुपारची आपली बातमी आठवली का? छे हो! ती तीन तासांची आणि खोटी. ही तीन दिवसांची, म्हणजे खरीच असणार!

घरात शिरले आणि नळ सोडला. बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकर भरला, इडलीपात्रसुद्धा सोडलं नाही. आमचे हे म्हणाले, "अगं, खात्री केलीस का कुणाकडे?"

"सगळी बिल्डिंग सांगतेय! आणखी कसली खात्री?"

वर बिल्डिंगच्या ग्रुपवर मीच टाकलं, 'खात्रीलायक बातमी. तीन दिवस पाणी नाही. लगेच भरून ठेवा.' खाली नाव माझं, शाळेतल्या बाईंचं! मग काय विचारता? चारही मजल्यांवर धो धो नळ सुटले. तासाभरात खालची टाकी कोरडी ठणठणीत. पंप बिचारा पाण्याशिवाय फिरत राहिला आणि शेवटी जळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत पाणी आलं. नेहमीसारखं, वेळेवर! पण वर चढवणार कोण? नळ ठाक कोरडे.

तरी शिर्क्यांच्या घरी बारसं झालं. पाहुण्यांनी हात धुतले ते माझ्या कुकरमधल्या पाण्यानं. सेक्रेटरी म्हात्रेकाका पंपाच्या दु:खात कोपऱ्यात बसलेले. मला राहवेना. पेढा हातात घेऊन उभी राहिले आणि वर्गात बोलते तशी बोलले.

"कोणी उठवली ही अफवा? आम्ही शाळेत मुलांना काय शिकवतो? बातमी आली की आधी विचारा, कोण बोललं? कुठं बोललं? ज्यानं हे केलं त्यानं इथे सगळ्यांसमोर कान धरावेत!"

"अफवा कसली?" वहिनींचे सासरे, शिर्केआजोबा उसळले. त्यांना जरा कमी ऐकू येतं. "मी स्वतः रेडिओवर ऐकलंय!"

"कुठल्या रेडिओवर?"

"तुमच्याच की! नात शिकते ना तुमच्याकडे, रोज ऐकतो. कालचं सगळं असतं यात. थांबा, लावतो."

त्यांनी मोबाइलचा आवाज पूर्ण मोठा केला. पाहुणे मोबाइलभोवती गोळा झाले.

"नमस्कार. उद्या पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी आपल्या भागात तीन तास पाणी बंद राहील..."

माझा आवाज! खणखणीत, शुद्ध! तीन तासांचे तीन दिवस आजोबांच्या कानानं केले होते, बाकी सगळं माझंच. "बंद करा, बंद करा" म्हणत मी मोबाइलकडे धावले, पण आजोबांना कुठं ऐकू येतंय! मोबाइल बोलतच राहिला.

"बघितलंस, ओवी? बातमी अशी वाचायची, की ऐकणाऱ्याला शंकाच येता कामा नये!"

कोपऱ्यातून म्हात्रेकाका उठले आणि त्यांनी माझ्यापुढे चक्क हात जोडले.

"नाय आली गो बाय! कुनालाच शंका नाय आली!"