गोंब्यांच्या बागेतली लेकुरवाळी

आमच्याकडे बेंगळुरात नवरात्र म्हणजे गोंबे. गोंबे म्हणजे बाहुल्या. आमचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. घरात मराठी बोलायचं, बाहेर कन्नड, आणि सण दोन्हीकडचे करायचे. त्यामुळे घटही बसायचे आणि पायऱ्या रचून त्यावर गोंबेही मांडले जायचे. पायऱ्यांच्या पुढ्यात माती पसरून पोरांनी बाग करायची, हा आमच्या गल्लीतला रिवाज. मातीचा डोंगर, त्यावर इवलंसं देऊळ, आरशाचा तुकडा ठेवून केलेलं तळं आणि सगळीकडे पेरलेली नाचणी. नाचणी उगवली की हिरवळ तयार. मी दहा-अकरा वर्षांची होते त्या वर्षी बाग पहिल्यांदा एकटीच्या हातात आली. साल विचारू नका, पन्नास आणि साठच्या मधलं कुठलंतरी.

आता कोळ्याचं सांगते, कारण खरी गोष्ट त्याची. त्याची कसली, तिची.

मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली जमिनीत एक बीळ होतं. माझं बोट जाईल एवढं, गोल. तोंडाभोवती काड्या आणि पाचोळा चिकटवून केलेला छोटासा कठडा, विहिरीला असतो तसा. त्यात एक मोठी, करड्या रंगाची कोळीण राहायची. ती जाळं विणायची नाही. मला वाटायचं, हिला येतच नाही बिचारीला. बिळाच्या तोंडाशी पुढचे पाय टेकून बसून राहायची, नळावर घागर लावून बसलेल्या बाईसारखी. किडा जवळून गेला की एकच उडी, आणि किड्यासकट परत आत. ती उडी मला कधी नीट दिसलीच नाही. किडा आहे, किडा नाही, एवढंच दिसायचं.

वडील चिक्कपेटेत शिंपीकाम करायचे. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. एका रविवारी मी त्यांना ओढून पेरूखाली नेलं. उकिडवे बसून, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बिळात पाहिलं, गवताची काडी आत घालून हळूच फिरवली.

"अस्तर लावलंय," ते म्हणाले.

"काय?"

"आतून रेशमाचं अस्तर आहे. बघ, माती पडत नाही एक कण. आणि तू म्हणतेस हिला विणता येत नाही."

मग मला नादच लागला. चालताना ती मागे एक बारीक धागा सोडत जायची आणि थोड्या थोड्या अंतरावर तो जमिनीला चिकटवायची. अण्णा म्हणाले, कच्चे टाके घालत चाललीय. पावसाळा ओसरला तसं तिच्या मागच्या टोकाला एक पांढरं गाठोडं दिसायला लागलं, वाटाण्याएवढं. दुपारच्या उन्हात ती उलटी बसून ते बिळाबाहेर धरायची, आणि मागच्या पायांनी गोल गोल फिरवायची. अंडी शेकत होती. अण्णांनी त्या गाठोड्याला मधोमध गेलेली शिवण मला दाखवली. "दोन वाट्या करून जोडलंय. वेळ आली की शिवणीवर उसवायचं. कापड फाडायचं नाही. आमच्या दुकानातल्या कारागिरांना सांगून दमलो मी हे."

इकडे घरात वेगळंच शिजत होतं. अक्काचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं, लग्न. दोन स्थळं होती. एक आत्यानं आणलेलं, तंजावरचं. तिकडेही आपली जुनी मराठी माणसं आहेत. घर मोठं, मुलगा एकुलता एक, नावं ठेवायला जागा नाही. फक्त रात्रभर रेल्वेत बसायचं, उतरायचं, आणि पुन्हा दुसऱ्या रेल्वेत बसायचं. दुसरं स्थळ दोन गल्ल्या पलीकडचं. मुलगा कारखान्यात फिटर. अक्कानं त्याला सायकलवरून जाताना पाहिलेलं, आणि मला वाटतं ती सायकल आमच्या गल्लीतून गरजेपेक्षा जास्त जायची. तंजावरचा विषय निघाला की अक्का भांडी अशी घासायची की आई म्हणायची, "अगं, पितळ आहे ते, झिजेल."

अडचण त्या सायकलवाल्या मुलाच्या आईची. फार चोखंदळ बाई. एका मुलीला कॉफी पातळ केली म्हणून नाही म्हणालेली. तिनं निरोप पाठवला, "मुलगी बघायला येत नाही. गोंबे बघायला येईन, हळदीकुंकू घेईन. जमलं तर जमलं, नाहीतर कुणाला काही वाईट वाटायला नको." आणि आत्यानं सांगून टाकलं, इथे नाही जमलं तर दसऱ्याला मी तंजावरला होकार कळवते.

अक्का तंजावरला गेली तर माझं काय, हे मला कुणी विचारलं नाही. माझी वेणी तीच घालायची, आम्ही झोपायचो एका चादरीत. मी मनात ठरवलं, बाग अशी करायची की त्या बाईनं कॉफी पातळ आहे का घट्ट हे बघायलाच नको.

बागेसाठी माती अण्णांनी आणून दिली. सकाळी घाईत, फावड्यानं, टोपलीभर. दुपारी पेरूखाली गेले तर बिळाच्या जागी खड्डा. मी रडायच्या बेतात होते. तिसऱ्या दिवशी नाचणीला कोंब फुटले, पाणी शिंपडायला बसले, तर डोंगरावरच्या देवळाच्या मागे बारीकसं भोक आणि त्याभोवती नाचणीच्या फोलपटांचा कठडा. आत ती, गाठोड्यासकट.

संध्याकाळी अण्णांना कानात सांगितलं. त्यांनी समईच्या उजेडात वाकून पाहिलं. समईवर झेपावून पडलेला एक पतंग धडपडत होता, तो आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

"नवं घर, नवं अस्तर," अण्णा पुटपुटले. "राहू दे. आईला सांगू नको."

"आणि अक्काला?"

"अक्काला तर अजिबात नको."

कारण अक्का. कोळी दिसला की ती किंचाळून अण्णांच्या घरातल्या कापड बेतायच्या टेबलावर चढायची, मग टेबलावर कुणाचा का कोट पसरलेला असेना.

पाहुणी आली ती चार दिवसांनी, संध्याकाळी. हिरवं रेशमी लुगडं, नाकात चमकी, आणि नजर अशी की कोपऱ्यातलं जळमट आपोआप गळून पडेल. आईनं चटई घातली. "या वहिनी, बसा." बाई पायऱ्यांवरचे गोंबे एकेक करून बघत गेली, मग बागेवर थांबली.

"ही कुणी केली?"

"मी," मी म्हणाले.

"नाचणी दाट पेरलीस स्वल्प. बरी आहे." मग अक्काकडे बघून, "तू काय करतेस? गाणं येतं?"

गोंब्यांपुढे मुलींनी गायचं हीदेखील इकडची रीत. अक्का बागेशेजारी बसली आणि देवीचं एक पद सुरू केलं. आवाज गोड होता तिचा. बाईनं डोळे मिटले. आईचा खांदा जरा खाली आला. आणि नेमकी तेव्हा कोळीण डोंगरामागून निघाली.

गाठोडं नव्हतं. पाठीवर काहीतरी दाट, करडं, हलणारं. मला कळलं. शिवण उसवली होती. सगळी पोरं आईच्या पाठीवर बसलेली, एकावर एक, जागा नाही तर डोक्यावरसुद्धा. ती त्या सगळ्यांना घेऊन आरशाच्या तळ्याला वळसा घालून निघाली थेट हिरव्या लुगड्याच्या काठाकडे.

बाईनं डोळे उघडले. खाली पाहिलं. दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले.

अक्का तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिची नजर खाली उतरली. एक सूर पदात होता त्याहून बराच लांबला. मी म्हटलं, संपलं. आता ही टेबलावर चढणार आणि दसऱ्याला तंजावर.

अक्कानं बाजूची उसळ द्यायची पितळी वाटी उचलली. उलटी केली. तिनं ती वाटी हळूच, अगदी कडेची पोरं सांभाळून, कोळिणीवर ठेवली. वर तळवा टेकला. आणि पद शेवटपर्यंत म्हटलं, एक ओळ न गाळता.

आई म्हणाली, "अगं, वाटी कशाला—"

"मेली का?" बाईनं विचारलं.

"नाही," अक्का म्हणाली. "लेकुरवाळी आहे. अंगावर पोरं आहेत तिच्या."

मी आ वासून बघत राहिले. "तुला कसं माहीत?"

"तू आणि अण्णा कुजबुजता ते समोरच्या घरात ऐकू जातं. रोज दिवा मी लावते इथे. पाय वर घेऊन लावते." मग आईकडे न बघता, "आईला सांगितलं असतं तर हिची बाग मोडली असती."

मग मला कोण थांबवणार? मी बाईला सगळं सांगितलं. अस्तर, कच्चे टाके, उन्हात शेकलेलं गाठोडं, शिवण, आणि एवढी पोरं पाठीवर असली की ही बहुतेक काही खातही नाही ते. आई मला मागून चिमटे काढत होती. बाई ऐकत होती. पाय मात्र अजून पोटाशीच.

"मला कोळ्याची भयंकर भीती वाटते," ती शेवटी म्हणाली. हे तिनं असं सांगितलं की जणू आमचीच चूक. मग अक्काला, "तुला?"

"वाटते," अक्का म्हणाली.

"आमच्या न्हाणीघरात पुष्कळ आहेत. माझा मुलगा हसतो, काढत नाही. सवय होईल तुला?"

"सवय नाही व्हायची," अक्का म्हणाली. "पण वाटी ठेवता येईल."

"सरी," बाई म्हणाली, म्हणजे ठीक आहे. पाय सैल सोडले, उसळ मागून घेतली, आणि कॉफीचा दुसरा पेला प्यायली.

ती गेल्यावर अण्णा दुकानातून आले. आई म्हणाली, "मला काही कळलं नाही हो. ती बाई लग्नाचं अवाक्षर बोलली नाही. न्हाणीघराबद्दल बोलत होती." अण्णांनी अक्काच्या तोंडाकडे पाहिलं. अंगरखा बेतायचा जाड कागद त्यांनी वाटीखाली सरकवला आणि आम्ही दोघं ती पेरूखाली घेऊन गेलो. वाटी उचलली तेव्हा काही पोरं कागदावर सांडली होती. कोळीण चार पावलं गेली आणि थांबली. पोरं धावत तिच्या पायांवरून वर चढली, एकमेकांना ढकलत, आणि मग ती पाचोळ्यात शिरली.

दसऱ्याच्या आधीच बाईकडून होकाराचा निरोप आला. आत्या थोडे दिवस फुगून होती, मग लग्नात सगळ्यांत जास्त तीच नाचली.

अक्का दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. सासूला दुपारची झोप लागली की ही आमच्या दारात. मंगळवारी आलेली, बुधवारी आलेली, गुरुवारी भाजी निवडायला आलेली. माझी वेणी पहिल्यासारखीच घट्ट घालायची. पहिल्या दिवाळीला आईनं माहेरवाशीण म्हणून तिला पाटावर बसवलं, ओवाळलं आणि म्हणाली, "तंजावरला दिली असती तर मला तुझी वाट तरी बघायला मिळाली असती. तू जातेस कधी की मी वाट बघू?"

"मग जाऊ?" अक्का म्हणाली, आणि पाटावरून न उठताच हात लांब करून चकलीचा डबा जवळ ओढला.