फाटकाजवळचं शहतूत

पिकलेल्या शहतुताचा, म्हणजे तुतीचा, वास आला की मला चामोर्शीचं आमचं भाड्याचं घर आठवतं. शोभेसाठी आईनं फाटकाजवळ शहतुताचं झाड लावलं होतं. एका सकाळी शेजारची म्हातारी ओच्यात फळं घेऊन झाडाखाली दिसली. आई रस्त्यावरच्या लोकांसमोर म्हणाली, “काऊन बाई, न इचारता तोडून राह्यल्या?” म्हातारीनं ओचा पुढं केला. “वाऱ्यानं पडले जी. तुमच्या पोरीसाठीच वेचले.” आईची मान खाली गेली. मी तिच्या पदराआड लपले. फळं ओसरीवर ठेवून म्हातारी घरी गेली. त्या उन्हाळ्यात आम्ही महिनाभर आजोळी राहिलो. झाड वाळलंच असणार, असं वाटत होतं. परतलो तर बुडाशी माती ओली होती. म्हातारी रोज पाणी घालत होती. आई कुलूप न उघडता तशीच उभी राहिली. तिला काय झालं होतं, ते मला आता तिच्या वयाची झाल्यावर कळतं.